माजुलीसाठी दोन सायकली

४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आज माजुलीला फोन लावला. माजुली म्हणजे आसामात ब्रह्मपुत्रेच्या पात्रातलं मोठं बेट. जोरहाटपर्यंत जायचं, तिथून निमातीघाटाला बोटीत बसायचं. बेट सगळं सपाट, जानेवारीत कोरडं, आणि थंडीत पक्षी उतरतात ते थव्यांनी. तिथे बिपुल नावाचा एक माणूस बांबूच्या खोल्या भाड्याने देतो आणि त्याच्याकडे इलेक्ट्रिक सायकली आहेत.

"अंकल, कितने लोग?" त्याने विचारलं.

"दो. मैं और मेरी मिसेस."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, सकाळी लता गेल्यापासून तोंडातून निघालेले हे पहिले शब्द. तेव्हा सव्वातीन वाजले होते.

मे महिन्याच्या शेवटी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो. तेहतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये, तिन्ही पाळ्या. तिथे अचानक आवाज थांबला की खुर्चीतून उठून मीटरांकडे धावायचो, कारण आवाज थांबला म्हणजे वीज बनवणारं युनिट बसलं. आता जेल रोडच्या या फ्लॅटमध्ये रोज अकरा ते पाच काहीच आवाज नसतो. मुलगा रोहित पुण्यात. लता देवळाली कॅम्पला जवानांच्या बायकांना शिवण शिकवते, सहा वर्षं झाली. मी घरी बसल्यावर ती क्लास सोडेल असं मला वाटलं होतं. मी तसं बोललो नाही, तिनेही विषय काढला नाही.

म्हणून ही वही, आणि म्हणून माजुली. हातात काम हवं.

९ नोव्हेंबर, शनिवार

जेवताना लताला सांगितलं. नकाशा ताटाशेजारीच ठेवला होता. पहिल्या दिवशी बावीस किलोमीटर, दुसऱ्या दिवशी एकतीस, मुखवटे करणाऱ्या गावापर्यंत आणि परत. तिसऱ्या दिवशी नुसतं नदीकाठाने.

"दमायचं नाही," मी म्हटलं. "पायडल आपण मारायचं, पण निम्मा जोर मोटर लावते."

"मागे बसता येतं का त्या सायकलवर?"

"मागे कशाला? प्रत्येकाला वेगळी आहे. डबलसीट घेतली तर बॅटरी अर्ध्या वाटेत बसेल."

"बरं," ती म्हणाली आणि आमटी वाढली.

म्हणजे पसंत आहे. इतक्या सहज होईल असं वाटलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तिकिटं झाली. १८ जानेवारी, नाशिकरोडहून गुवाहाटी, दोन्ही खालचे बर्थ. विमानाने जायचा विचार होता, पण एक जादा बॅटरी सोबत न्यायची आहे आणि तेवढी मोठी बॅटरी विमानात घेऊ देत नाहीत. रेल्वेत दोन-अडीच दिवस जातील. जाऊ देत. एवढा वेळ आम्ही दोघं एका जागी कधी बसलो होतो, आठवत नाही.

आज दुपारी गणित मांडलं. छत्तीस व्होल्ट, दहा अँपिअर-अवर, म्हणजे तीनशे साठ वॉट-अवर. किलोमीटरला अकरा धरले तर बत्तीस किलोमीटर. वारा समोरून असला तर सत्तावीस. लताचं वजन अठ्ठावन्न धरलं. तिला विचारलं तर म्हणाली, "गणिताला काहीही धरा."

बिपुलला विचारलं, बेटावर लाइट जाते का.

"अंकल," तो म्हणाला, "हमारे यहाँ लाइट आती है."

एकटाच मोठ्याने हसलो. लताला सांगायचं म्हणून लक्षात ठेवलं होतं. ती आली तेव्हा दमलेली होती, राहून गेलं.

२ डिसेंबर, सोमवार

सरावासाठी त्याच जातीची एक इलेक्ट्रिक सायकल घेतली. आज तिच्यावरून एकलहऱ्याला गेलो. मुद्दाम नाही, रस्ता पायांना माहीत आहे. चिमणी लांबून दिसली आणि आपोआप धुराचा रंग पाहिला. गेटवर नवा रखवालदार. म्हणाला, "काका, इथं थांबता येणार नाय." मी कोण ते त्याला सांगितलं नाही.

बुद्धभूषणला फोन केला, तो बाहेर आला. माझ्याच पाळीत वीस वर्षं होता, अजून दोन वर्षं आहेत त्याची. टपरीवर चहा घेतला. सायकल त्याला फार आवडली, एक चक्कर मारून आला.

"वहिनी चालवतात का पण?"

"चालवते ना. कॉलनीत असताना आमच्या जिन्याखाली लेडीज सायकल नव्हती का? हिरवी."

"असेल," तो म्हणाला. पाच मिनिटांत त्याला आत बोलावणं आलं. अर्धा चहा तसाच ठेवून पळाला. मीही असाच पळायचो.

११ डिसेंबर, बुधवार

लतासाठी हेल्मेट आणलं. ढगळ झालं, कानावर येतं. तिचं डोकं लहान आहे हे लक्षात नव्हतं.

खाली चल, एक फेरी मार, म्हटलं तर म्हणाली गुडघा दुखतोय. काल म्हणाली होती की ब्लाउज द्यायचे आहेत. परवा काय म्हणाली ते आठवत नाही. मी समजावलं, गुडघ्याला याच सायकली चांगल्या, जोर पडतच नाही. ती म्हणाली, "तुम्ही फिरा ना तिथे. मी त्या बांबूच्या खोलीत बसेन. स्वेटर विणेन."

एवढ्या लांब जाऊन स्वेटर! रहदारीची भीती वाटत असणार. उद्यापासून पहाटेची वेळ सुचवावी.

१८ डिसेंबर, बुधवार

आज एक विचित्र गोष्ट केली. दुपारी सायकल घेऊन देवळाली कॅम्पला गेलो. तिला सांगायचं नाही, क्लास सुटताना समोर उभं राहायचं, म्हणजे तिथल्या मोकळ्या रस्त्यावर तिला चालवायला देता येईल, असा बेत.

क्लास बाजाराच्या मागे, रस्त्याला लागूनच आहे. मी पहिल्यांदाच पाहिला. खिडकी उघडी होती. समोरच्या टपरीशी उभा राहिलो. आत पंधरा-वीस बायका, मधे लता, गळ्यात टेप. कुणीतरी बाही उलटी जोडली होती. लताने तो ब्लाउज स्वतःच्या हातात चढवला आणि कोपर पाठीकडे वळवून खोलीभर चालून दाखवलं, असं चालावं लागेल बाई तुला, अशा थाटात. सगळ्या हसल्या. लता सगळ्यांत जोरात हसली, भिंतीला हात टेकून.

हा आवाज मी घरात ऐकलेला नाही. किंवा ऐकला असेल, आठवत नाही.

तिच्या हाताखालची एक तरुण मुलगी चहा सांगायला टपरीवर आली. मी खिडकीकडे बघतोय हे पाहून म्हणाली, "किसकू देखना है क्या, चाचा?"

"किसीको नहीं," म्हणालो आणि निघालो.

घरी येऊन बॅटरी पाहिली. चौसष्ट टक्के शिल्लक. गणित बरोबर येतंय.

२२ डिसेंबर, रविवार

आज तिला सुट्टी म्हणून मी खालीच सायकल काढून ठेवली, सीट तिच्या उंचीला लावली आणि वर येऊन म्हटलं, आता कारण नको. सत्तावीस दिवस राहिलेत.

ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "मला सायकल येत नाही."

"विसरली असशील. सायकल कुणी विसरत नसतं."

"विसरायला आधी यावी लागते."

"मग कॉलनीत ती हिरवी सायकल?"

"ती कुलकर्णीबाईंची. त्यांच्या जिन्याखाली जागा नव्हती म्हणून आपल्याकडे ठेवायच्या." मग तिने विळी बाजूला सरकवली. "रोहित पहिलीत गेला तेव्हा तुम्हाला म्हटलं होतं, मला शिकवा. त्याची बस चुकली की मला त्याला चालत न्यावं लागायचं, एवढं दप्तर, वर पाण्याची बाटली. तुम्ही म्हणालात, नाइट संपली की शिकवतो. नाइट संपली आणि तुमची जनरल ड्युटी लागली. मग पुन्हा नाइट. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही."

मला यातलं काहीच आठवत नाही. तसं म्हणालो तर तिने मान हलवली, जणू हे तिला अपेक्षितच होतं.

"नोव्हेंबरातच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कुठे विचारलंत? नकाशाच ठेवलात."

खाली जाऊन सायकल आत घेतली.

२३ डिसेंबर, सोमवार

सव्वीस दिवस पुष्कळ झाले. रोज सकाळी चाळीस मिनिटं दिली तर एका आठवड्यात तोल, दुसऱ्यात वळण, तिसऱ्यात ब्रेक आणि मोटर. तक्ता करून फ्रिजवर लावला. लताने वाचला. म्हणाली, "तुम्हाला इतकं वाटतंय तर बघते शिकून."

पुन्हा वाचताना हे वाक्य मला जरा खटकतंय. पण आनंद झाला, हेही खरं.

२९ डिसेंबर, रविवार

स. ७.१०. इमारतीमागचं मैदान. लता सायकलवरून पडली. उजव्या हाताचं मनगट. हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, एक्स-रे काढला, हाड मोडलं आहे. प्लास्टर, सहा आठवडे. कारण : तोल जाणे, जमीन खडबडीत.

३० डिसेंबर, सोमवार

काल जे लिहिलं ते खोटं आहे. नोकरीत अहवाल लिहायची सवय, तसं लिहून गेलो. जमीन खडबडीत नव्हती.

सहा दिवस ती मोटर न लावता शिकत होती. मी मागून धावत सीट धरायचो. काल मला वाटलं, आपण फार हळू चाललोय, तक्त्याच्या मागे पडतोय. वेग असला की तोल आपसूक सांभाळला जातो. म्हणून ती बसायच्या आधीच मी मोटर तिसऱ्या नंबरवर ठेवली आणि तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती नको म्हणाली असती.

"धरलंय ना?" तिने विचारलं.

"धरलंय," म्हणालो. तिने पायडल दाबलं आणि सायकल माझ्या हातातून निसटून गेली. चार-पाच सेकंद ती छान चालली. हे लिहायला लाज वाटते, पण त्या चार-पाच सेकंदांत मी टाळी वाजवली.

डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता. ती म्हणाली, "शिवण." ते म्हणाले, बारीक कामाला वेळ लागेल. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कंट्रोल रूममध्ये बंद पडलेल्या मीटरकडे आम्ही जसं बघायचो, तसं.

मोटरचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

तेजस्विनी सिन्नरहून तिला न्यायला आली. लताची धाकटी बहीण. "दाजी, तुम्हाला काही वाटून घेऊ नका, पण हिचे केस कोण विंचरणार, साडी कोण नेसवणार?" मला येतं असं म्हणता आलं नाही, कारण येत नाही.

त्या निघण्याआधी क्लासमधली मुलगीही भेटायला आली. सुरय्या तिचं नाव. आता क्लास तीच बघणार आहे. मला पाहून म्हणाली, "चाचा, तुम्ही तर त्या दिवशी टपरीवर होतात ना? खिडकीकडे बघत?"

लताने विचारलं, "कधी?"

मी सांगितलं. मग तोंड उघडलंच होतं म्हणून मोटरचंही सांगितलं, सगळ्यांसमोर. सुरय्या चप्पल शोधायला लागली. लता एवढंच म्हणाली, "मला वाटलं मीच चुकले. आठवडाभर मी मनात तेच म्हणतेय, आपल्याला एवढंही जमू नये."

जीप वळेपर्यंत गॅलरीत उभा होतो. तिने वर पाहिलं नाही. हात गळ्यात अडकवलेला, चढताना तेजस्विनीने धरलं.

९ जानेवारी, गुरुवार

बिपुलला कळवलं की येत नाही.

"मॅडम को क्या हुआ?"

सांगितलं. तो म्हणाला, "आप अकेले आ जाइए अंकल, मन लगेगा." एकटं मन लावायला दोन-अडीच दिवस प्रवास कशाला? ते इथेही लावता येतं.

तिकिटं रद्द केली. तक्ता फ्रिजवरून काढला.

१३ जानेवारी, सोमवार

माळ्यावरून नोकरीतल्या जुन्या छोट्या डायऱ्या काढल्या. तिने सायकल शिकवा म्हटल्याचं कुठे लिहिलंय का, पाहायचं होतं. रोहित पहिलीत म्हणजे सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव. दोन्ही वर्षं पानन् पान वाचली. लोड किती होता, बॉयलरची कुठली नळी फुटली, युनिट किती वाजता पुन्हा जोडलं, सगळं आहे, मिनिटासकट. लताचं नाव दोन वर्षांत तीन वेळा आहे. "लता ताप." "लता माहेरी." "लता आली."

किती दिवस ताप होता, ते नाही.

१८ जानेवारी, शनिवार (सिन्नर)

आज आमची गाडी होती. सकाळी नऊपर्यंत घरात बसलो, मग बसवेना. सायकल काढली आणि सिन्नरची वाट धरली.

पळसे, शिंदे, तोवर सगळं ठीक. ट्रक अंगावरून जात होते. मोहदरीचा घाट मी गणितात धरलाच नव्हता. बेट सपाट म्हणून इतके दिवस चढाचा विचारच केला नव्हता. घाटाच्या मध्यावर बॅटरी बसली. ही सायकल मोटर नसली की फार जड. उतरलो आणि ढकलत निघालो. एका पिकअपवाल्याने हाक मारली, "काका, टाका मागं!" नको म्हणालो. का ते सांगता येणार नाही. सिन्नरला पोचायला दीड वाजला. शर्ट पाठीला चिकटला होता.

लता तेजस्विनीच्या घरासमोरच्या ओट्यावर उन्हात बसली होती. मला पाहून उठली, पुन्हा बसली.

"फोन का नाही केलात?"

"तू नको म्हणाली असतीस."

"हो," ती म्हणाली.

तेजस्विनीने सायकलची बॅटरी आत चार्जिंगला लावली. पाच तास लागतील, म्हटलं. तेजस्विनी म्हणाली, मग आज राहाच. लताने शेजारची चटई डाव्या हाताने माझ्याकडे सरकवली.

मी चटईवर बसलो. मग तिने विचारलं, "तिथे जाऊन काय करणार होतात? म्हणजे सायकल चालवून झाल्यावर?"

"संध्याकाळी बसलो असतो. बोललो असतो."

"काय बोललो असतो?"

तिन्ही दिवसांचं सगळं गणित काढलं होतं, हे काढलं नव्हतं. शेवटी जे खरं होतं ते म्हणालो. "घरात मला बोलायला कुणी नसतं, लता. अकरा ते पाच. फार शांत असतं."

ती हसली, पण कॅम्पला हसली तशी नाही.

"ते शांत घर मीच केलंय," ती म्हणाली. "तुम्ही नाइट करून यायचात, दिवसा झोपायचात. रोहितला घेऊन मी बाहेर पायरीवर बसायचे. शिट्टी वाजेल म्हणून कुकर लावायचा नाही, भात पातेल्यात. फोडणीसुद्धा दार लावून. कुणी बेल वाजवू नये म्हणून उन्हात दारात उभी राहायचे. तेव्हा शेजारच्या म्हणायच्या, बाई, तुझ्या घरात माणसं राहतात की नाही?"

"मला सांगायचंस."

"कधी? झोपेत?"

मी माफी मागितली. मोटरबद्दलही, पुन्हा. ती म्हणाली, "मोटरचं मी केव्हाच सोडलं. ते एका सकाळचं होतं."

१९ जानेवारी, रविवार

आज सकाळी तिचा चहा मी केला. बशी डाव्या हाताने धरताना सांडते, म्हणून पेला दिला. मग मी विचारलं, पायरीवर बसून काय करायचीस इतके तास?

ती आधी म्हणाली, काही नाही. मग म्हणाली, शिवायचे. मशिन आवाज करतं म्हणून हाताने. कुलकर्णीबाई शेजारी बसून टाके दाखवायच्या. रोहितचे पहिले चार गणवेश तिने पायरीवर बसून हाताने शिवले होते. कॅम्पच्या क्लासला ती पहिला महिनाभर कुणाला मशिनला हात लावू देत नाही, सगळं हातशिवण. बायका कुरकुरतात. का ते तिने कधी कुणाला सांगितलेलं नाही.

मला वाटत होतं ती शिवण कुठल्या तरी कोर्सला जाऊन शिकली.

मग ती बोलत राहिली. तेजस्विनी दोनदा बाहेर डोकावून गेली. मी वेळ पाहिली नाही. काय काय म्हणाली ते सगळं इथे लिहीत नाही. ते तिचं आहे. एवढंच लिहितो की एके ठिकाणी ती एका बाईचं नाव सांगत होती आणि मी म्हणालो, हो हो, आठवतात. ती थांबली आणि म्हणाली, "नाही आठवत तुम्हाला." मी म्हणालो, "नाही आठवत." मग तिने ती बाई कोण, ते पहिल्यापासून सांगितलं.

तीनला निघालो. सायकल दारात लावली होती, बॅटरी भरलेली. हात कसा आहे विचारलं तर बोटं हलवून दाखवली. करंगळी अजून नीट वळत नाही.

"घरी कधी येशील?"

"प्लास्टर फेब्रुवारीत निघेल."

मी प्लास्टरचं विचारलं नव्हतं, आणि ते तिलाही कळलं होतं. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. सायकलचा स्टँड काढला, हेल्मेट घातलं.

"पुढच्या रविवारी येऊ का?"

तिने रस्त्यावरून जाणारा एक ट्रक पूर्ण जाऊ दिला.

"या," ती म्हणाली. "बसने या."